जुन्या कोडचा इतिहास चित्रात कसा पाहावा: ऐरोली-महापेत नव्याने रुजू झालेल्यांसाठी

ऐरोली, घणसोली, महापे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये नवी नोकरी लागली की पहिला आठवडा साधारण असाच जातो. लॅपटॉप मिळतो, ओळखपत्र मिळतं आणि टीम लीड सांगतो, "हा रेपो क्लोन करून घे, वाचून ठेव." रेपोत, म्हणजे प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात, आठ-दहा वर्षांचा कोड असतो. ज्यांनी तो लिहिला त्यांतले बरेच जण दुसऱ्या कंपनीत गेलेले असतात. उरलेल्यांना विचारलं तर "ते आधीपासूनच तसं आहे" एवढंच उत्तर मिळतं.

अशा वेळी कोड पहिल्या ओळीपासून वाचत बसण्यापेक्षा तो कसा वाढत गेला हे आधी पाहून घ्यावं. कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ती सगळी माहिती असतेच, फक्त तिचं चित्र करायचं असतं. चित्र काढायला फार तर दहा मिनिटं लागतात. खरा वेळ जातो तो इतिहास साफ करण्यात आणि आपल्याला काय पाहायचं आहे हे ठरवण्यात. यूट्यूबवरचे बहुतेक धडे नेमकं हेच गाळतात, म्हणून हा लेख.

एक सूचना: कमांड आणि त्यांचे पर्याय इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये ते इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचे.

उदाहरणासाठी एक काल्पनिक प्रकल्प घेऊ. महापेची एक छोटी कंपनी तुर्भ्याच्या एपीएमसीतल्या मसाला आणि धान्य बाजारातल्या गाळेधारकांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवते. त्यात आवक, तोलाई, हमाली, आडत, सेस, जीएसटी असे वेगवेगळे फोल्डर आहेत. रेपो 2015 पासूनचा आहे.

हाताशी काय हवं

- गिट, शक्यतो 2.23 किंवा त्यापुढची आवृत्ती (कारण चौथ्या पायरीत येईल)
- गोर्स (इंग्रजीत Gource) हा कोडच्या इतिहासाचा हलता नकाशा दाखवणारा मोफत, मुक्त-स्रोत प्रोग्राम. उबंटूवर 'एप्ट'ने, मॅकवर 'ब्रू'ने बसतो. विंडोजसाठी वेगळा इन्स्टॉलर मिळतो
- एफएफएमपेग, व्हिडिओ करायचा असेल तरच
- पायथन आणि त्याची साधनं बसवणारा पिप, आठव्या पायरीतल्या एका साधनापुरतं
- रेपो वाचण्याची परवानगी, आणि त्याचं चित्र करण्याचीही. या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, शेवटची पायरी पाहा
- जुन्या टीममधला किंवा टेस्टिंगमधला एक माणूस, जो चहाच्या वेळात "हे काय झालं होतं?" या प्रश्नाला उत्तर देईल. हा सगळ्यात दुर्मीळ

गोर्स ओपनजीएल वापरतो, म्हणजे त्याला ग्राफिक्स लागतं. ऑफिसने खरा लॅपटॉप न देता रिमोट डेस्कटॉप दिला असेल तर खिडकी उघडणारच नाही किंवा चित्र अडखळत चालेल. त्याचा मार्ग सातव्या पायरीत आहे.

## 1. आधी प्रश्न, मग साधन

'कोडचा इतिहास पाहायचाय' हा प्रश्न नाही. प्रश्न असा हवा: जीएसटीचा भाग कोणी लिहिला आणि त्यातलं आज कोण आहे? कोणत्या फाइलला दर महिन्याला हात लागतो? 2016 मध्ये लिहिलेल्या कोडपैकी किती अजून जिवंत आहे? हे एकच फंक्शन इतकं विचित्र का झालं?

पहिल्या प्रश्नाला गोर्सचा हलता नकाशा लागतो. दुसऱ्याला साधा तक्ता पुरतो. तिसऱ्याला वयाच्या थरांचा आलेख हवा. चौथ्याला चित्रच नको, गिटची एक कमांड बास. गोर्स दिसायला देखणा असल्यामुळे नवखे लोक चारही प्रश्नांसाठी तोच वापरतात आणि मग "छान दिसतंय, पण कळलं काय?" या प्रश्नावर गप्प होतात.

कोडकडे असं पाहण्याची कल्पना जुनी आहे. बेल लॅब्जमध्ये स्टीफन आइक आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये सीसॉफ्ट नावाच्या साधनाचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यात कोडची प्रत्येक ओळ म्हणजे एक बारीक रंगीत रेघ. नुकतीच बदललेली ओळ लाल, फार पूर्वीची निळी, आणि एका पडद्यावर 50,000 ओळी मावत. गोर्स नंतर 2009 मध्ये आला, अँड्र्यू कॉडवेल यांनी लिहिला. त्यात फोल्डर म्हणजे फांद्या, फाइल म्हणजे टोकाचे ठिपके, आणि माणसं त्या झाडाभोवती फिरत ठिपक्यांवर किरण सोडतात. हिरवा किरण म्हणजे नवी फाइल, केशरी म्हणजे बदल, लाल म्हणजे पुसलेली.

## 2. इतिहास पूर्ण आहे का, ते तपासा

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. क्लोन, म्हणजे रेपोची आपल्या मशीनवरची प्रत, लवकर व्हावी म्हणून अनेक टीमच्या सेटअप स्क्रिप्टमध्ये 'डेप्थ 1' लिहिलेलं असतं. अशा क्लोनमध्ये फक्त शेवटची कमिट, म्हणजे शेवटी नोंदवलेला बदल, असते. गोर्स चालवला की सगळं झाड एका क्षणात उगवतं आणि खेळ संपतो. बिल्ड सर्व्हरवर चित्र काढायला गेलात तरी हेच होईल, कारण तिथेही बहुधा उथळच क्लोन असतो.

तपासायची कमांड: 'गिट रेव्ह-पार्स --इज-शॅलो-रिपॉझिटरी'. उत्तर 'ट्रू' आलं तर 'गिट फेच --अनशॅलो' करा.

ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये बसून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मोठा रेपो उतरवणाऱ्यांसाठी मधला मार्ग आहे: '--फिल्टर=ब्लॉब:नन' लावून क्लोन करा. यात सगळ्या कमिट आणि फोल्डरची रचना येते, फाइलचा मजकूर मात्र गरजेपुरताच येतो. गोर्सला एवढं पुरतं, कारण कोणती फाइल कधी बदलली एवढंच तो वाचतो, आत काय बदललं ते नाही. पण याच क्लोनवर ओळी मोजणारी कमांड चालवलीत तर गिट प्रत्येक जुन्या फाइलसाठी सर्व्हरकडे धावेल. तेव्हा ती कामं ऑफिसच्या नेटवर पूर्ण क्लोन घेऊन करा.

दुसरा प्रकार जास्त फसवा असतो. क्लोन पूर्ण असतो, पण इतिहासच मधून सुरू झालेला असतो. लिनक्सचं उदाहरण घ्या. लिनक्स 1991 चं, पण कर्नलच्या मुख्य गिट रेपोत पहिली कमिट एप्रिल 2005 ची आहे, 2.6.12-आरसी2 या आवृत्तीची, आणि त्या एकाच कमिटमध्ये 17 हजारांहून अधिक फाइल येतात. गोर्समध्ये पाहिलं तर वाटेल की हे सगळं लिनस टॉर्व्हल्ड्स यांनी एका दिवसात लिहिलं. तुमच्या ऑफिसात 'इनिशियल कमिट' नावाखाली असाच जुना कोड एकगठ्ठा ओतलेला असण्याची शक्यता बरीच आहे. विचारा: याआधी कोड कुठे होता? सबव्हर्जनचा (गिटसारखंच, पण त्याआधीचं साधन) जुना सर्व्हर कुठेतरी अजून चालू असतो, आणि गोर्सला सबव्हर्जनचा लॉगही वाचता येतो.

सरावासाठी सार्वजनिक रेपो हवा असेल तर पायथनचा घ्या. तो सीव्हीएस, सबव्हर्जन, मर्क्युरियल करत करत गिटमध्ये आला, तरी इतिहास थेट 1990 पर्यंत मागे जातो. सुरुवातीला गुइडो व्हॅन रॉसम जवळजवळ एकटेच झाडाभोवती फिरताना दिसतात.

## 3. माणसांची नावं एक करा

'गिट शॉर्टलॉग -एस -एन -ई हेड' ही कमांड चालवा. प्रत्येक नाव, त्याचा इमेल आणि त्याच्या नावावरच्या कमिट दिसतील. टीममध्ये बारा माणसं असताना यादीत एकतीस नावं दिसली तर घाबरू नका. एकच व्यक्ती आद्याक्षरांनी, पूर्ण नावाने, लग्नानंतरच्या आडनावाने, घरच्या जीमेलने आणि नव्या लॅपटॉपवर सेटिंग राहून गेल्यामुळे 'अ‍ॅडमिन' म्हणून, अशी पाच रूपांत असते. कंपनी विकली गेली असेल तर इमेलचं डोमेनही बदललेलं असतं. हे न सावरता चित्र काढलंत तर पाच माणसं दिसतील आणि चार 'सोडून गेली' असं वाटेल.

उपाय सोपा आहे. रेपोच्या मुळाशी 'डॉट मेलमॅप' नावाची फाइल करा. दर ओळीत आधी बरोबर नाव आणि बरोबर इमेल, मग चुकीचं नाव आणि चुकीचा इमेल, इमेल कोनी कंसांत. गिटचा जुना इतिहास यात बदलत नाही, फक्त दाखवताना नावं एक होतात. गोर्सही ही फाइल मानतो, कारण तो गिटकडून नाव मागतानाच मेलमॅप लावलेलं नाव मागतो.

नाव कोणतं ठेवायचं हे ज्याचं त्याला विचारा. आडनाव बदललेल्या सहकाऱ्याचं जुनं नाव पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवणं शोभत नाही.

आपोआप कमिट करणारे बॉट वेगळे काढायचे असतील तर गोर्सचा '--यूजर-फिल्टर' पर्याय आहे. ते काढलेच पाहिजेत. नाहीतर लायब्ररीच्या आवृत्त्या वाढवणारा बॉट हाच कंपनीतला सगळ्यात कष्टाळू कर्मचारी दिसतो.

## 4. कचरा बाजूला काढा

पायरी कंटाळवाणी आहे, पण चित्राचा अर्थ इथेच ठरतो.

*परका कोड.* कोणीतरी एकेकाळी अख्खी लायब्ररी रेपोत टाकलेली असते. आपल्या बिलिंग प्रकल्पात पीडीएफ छापणारी लायब्ररी अशी बसली असेल तर तिची फांदी इतकी अवाढव्य होईल की आडत आणि तोलाई कोपऱ्यात जातील. '--फाइल-फिल्टर' या पर्यायाला फोल्डरच्या नावाचा नमुना द्या. लॉक फाइल, आपोआप तयार झालेला कोड, चिन्हांची चित्रं यांचंही तेच करा.

*फॉरमॅटिंगची कमिट.* एका शुक्रवारी कोणीतरी सगळ्या कोडवर फॉरमॅटर चालवलेला असतो, किंवा विंडोज आणि लिनक्सच्या ओळ-शेवटांचा घोळ निस्तरलेला असतो. चित्रात अख्खं झाड एकदम केशरी होतं. वाटतं की त्या दिवशी मोठी क्रांती झाली, प्रत्यक्षात टॅबचे स्पेस झाले. 'गिट ब्लेम'मध्ये (कोणती ओळ शेवटी कोणी बदलली ते सांगणारी कमांड) अशा कमिट वगळता येतात: त्यांचे हॅश, म्हणजे ओळखक्रमांक, एका फाइलमध्ये लिहायचे आणि '--इग्नोर-रेव्ह्ज-फाइल'ला ती फाइल द्यायची. ही सोय 2019 च्या 2.23 आवृत्तीत आली, म्हणून वर आवृत्तीचा आग्रह धरला. गोर्सला ही फाइल कळत नाही. त्याच्यासाठी '--आउटपुट-कस्टम-लॉग' वापरून साधी मजकूर फाइल तयार करा. तिच्या दर ओळीत वेळ, नाव, बदलाचा प्रकार आणि फाइलचा पत्ता असतो, मध्ये उभ्या रेघा. त्या नकोशा कमिटच्या वेळेच्या ओळी गाळा आणि मूळ रेपोऐवजी ही फाइल गोर्सला द्या. दोन-तीन रेपो एकत्र दाखवायचे असतील तरी हीच युक्ती: प्रत्येकाचा लॉग काढा, पत्त्याच्या सुरुवातीला रेपोचं नाव जोडा, एकत्र करा आणि वेळेनुसार अंकक्रमाने लावा.

*नावबदल.* गोर्स गिटला नावबदल ओळखू नको असं सांगूनच लॉग मागतो. त्यामुळे फोल्डर हलवला की जुनी फांदी लाल होऊन गळते आणि दुसरीकडे हिरवी फुटते. हे पुनर्लेखन नव्हे, सामान हलवलंय.

*वेळ.* गिटमध्ये प्रत्येक कमिटला दोन वेळा असतात, लिहिल्याची आणि नोंदवल्याची. गोर्स नोंदवल्याची वापरतो. एखादी ब्रँच (मुख्य कोडपासून वेगळा काढलेला कामाचा फाटा) रीबेस केली असेल, म्हणजे तिच्यातल्या कमिट पुन्हा नोंदवल्या असतील, तर दोन महिन्यांचं काम एका दुपारी झालेलं दिसतं. ब्रँच मुख्य कोडमध्ये मिसळताना, म्हणजे मर्ज करताना, सगळ्या कमिट एकात दाबण्याची पद्धत असेल तर मधलं काम मुख्य ब्रँचवरून गायबच असतं. ऑफिसात काय पद्धत आहे ते आधी विचारून घ्या.

## 5. गोर्स चालवा, आणि मुख्य म्हणजे पाहा

रेपोच्या फोल्डरमध्ये जाऊन नुसतं 'गोर्स' लिहून एंटर दाबलं तरी तो सुरू होतो. पण गती न सांगता चालवलंत तर एका दिवसाला 10 सेकंद लागतात. पाच वर्षांच्या रेपोचे 1826 दिवस, म्हणजे पाच तासांहून मोठा चित्रपट. मधले रिकामे दिवस तो उडी मारून पार करतो, तरीही. गणित उलटं करा. तीन मिनिटांत पाच वर्षं हवी असतील तर 180 भागिले 1826, साधारण 0.1. म्हणून '--सेकंड्स-पर-डे 0.1'. रिकाम्या दिवसांवर फार न थांबण्यासाठी '--ऑटो-स्किप-सेकंड्स 0.5' द्या. '--की' दिलं की कोणत्या प्रकारच्या फाइलला कोणता रंग ते बाजूला दिसतं. फाइलची नावं '--हाइड फाइलनेम्स'ने लपवा, नाहीतर पडद्यावर नुसती अक्षरांची गर्दी होते.

चालू असताना स्पेसने थांबतो, अधिक-उणे दाबून गती बदलते, व्ही दाबून कॅमेरा बदलतो, एन दाबून पुढच्या नोंदीवर उडी मारता येते. एखाद्या माणसावर क्लिक केलं की कॅमेरा त्याच्या मागे जातो.

पहिल्या वेळी नुसतं पाहा, काही लिहू नका. दुसऱ्या वेळी कागद घेऊन बसा आणि या गोष्टी शोधा.

एखाद्या फांदीवर वर्षानुवर्षं एकच माणूस दिसतो का? समजा सेसच्या फोल्डरमध्ये 2018 पासून एकच नाव फिरतंय आणि 2022 नंतर ते नाव कुठेच नाही. म्हणजे सेसचा हिशेब कसा होतो हे आज कंपनीत कोणालाच माहीत नसण्याची शक्यता आहे. हे तुमच्या वाट्याला येण्याआधी लीडला सांगा.

लांबच्या दोन फांद्या पुन्हा पुन्हा एकाच वेळी उजळतात का? हमालीचा दर बदलला की दरवेळी छपाईच्या फोल्डरमध्येही केशरी किरण पडत असेल तर दोघांत छुपं नातं आहे. बहुधा कोणीतरी हमालीचं गणित छपाईच्या फाइलमध्ये पुन्हा लिहिलेलं असतं. कोड वाचून हे लक्षात यायला आठवडा लागेल, कारण दोन फाइल एकमेकांचं नावही घेत नाहीत.

सगळं झाड शांत कधी होतं? 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये शांतता दिसली तर कारण विचारायची गरज नाही. पण 2019 च्या मध्ये चार महिने काहीच नसेल तर एकतर टीम दुसऱ्या प्रकल्पावर होती, किंवा काम दुसऱ्याच ब्रँचवर चाललं होतं आणि तुम्ही चुकीची ब्रँच पाहताय. आधी दुसरी शक्यता तपासा.

आणि वर्षानुवर्षं न हललेल्या फांदीबद्दल घाईने मत बनवू नका. तोलाईचा कोड 2016 पासून तसाच असेल तर तो 'जुनाट' असेलच असं नाही. किलो-क्विंटलचं गणित बदलत नाही. नव्या मुलांना अशी शांत फांदी दिसली की ती नव्याने लिहायची खुमखुमी येते. तिथे हात लावू नका.

## 6. मथळे टाका

एकट्यापुरतं पाहायचं असेल तर ही पायरी सोडा. टीमला दाखवायचं असेल तर मथळ्यांशिवाय चित्र म्हणजे नुसती आतषबाजी. '--कॅप्शन-फाइल'मध्ये दर ओळीत वेळ, उभी रेघ आणि मजकूर असं लिहायचं. वेळ म्हणजे 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद.

इथे भारतीय घड्याळाचा खड्डा आहे. हे सेकंद जागतिक वेळेनुसार मोजतात आणि आपण साडेपाच तास, म्हणजे 19,800 सेकंद पुढे आहोत. जीएसटी 1 जुलै 2017 च्या मध्यरात्री लागू झाला. आपल्या घड्याळाची ती वेळ 1498847400. इंटरनेटवरच्या कन्व्हर्टरमध्ये नुसती तारीख टाकलीत तर बहुधा 1498867200 मिळेल, ती आपल्याकडची पहाटे साडेपाचची वेळ. वर्षांच्या चित्रात एवढ्याने बिघडत नाही. एका रात्रीच्या रिलीजचा तासातासाचा प्रवास दाखवायचा असेल तर मात्र सगळं सरकतं.

मथळे मोजकेच ठेवा: कायदा बदलला, मोठा ग्राहक आला, सर्व्हर बदलला, टीम दुप्पट झाली. आपल्या प्रकल्पात जुलै 2017 चा मथळा नसेल तर बघणाऱ्याला कळणारच नाही की जूनभर ते झाड का पेटलं होतं. मराठी मथळे हवे असतील तर ते नंतर व्हिडिओ संपादनात टाका, म्हणजे जोडाक्षरं नीट आली की नाही हे डोळ्यांसमोर तपासता येतं.

## 7. व्हिडिओ करा

गोर्स स्वतः एमपी4 देत नाही. तो कच्च्या चौकटी बाहेर टाकतो आणि एफएफएमपेग त्यांचा व्हिडिओ करतो. दोघांना पाइपने जोडा: गोर्सला '--आउटपुट-पीपीएम-स्ट्रीम'पुढे एक डॅश द्या, आणि पलीकडे एफएफएमपेगला 'इमेज2पाइप' प्रकारचा इनपुट घ्यायला सांगा.

पाइप न वापरता चौकटी आधी डिस्कवर साठवायचा मोह टाळा. 1280 बाय 720 ची एक चौकट सुमारे 2.76 एमबी. सेकंदाला 60 चौकटी म्हणजे 166 एमबी, आणि एका मिनिटाला जवळजवळ 10 जीबी. तीन मिनिटांत ऑफिसच्या लॅपटॉपची डिस्क भरते आणि आयटी विभागाचा फोन येतो.

एफएफएमपेगला पिक्सेल फॉरमॅट 'वाययूव्ही420पी' सांगायला विसरू नका. नाहीतर व्हिडिओ तुमच्या मशीनवर चालेल आणि मीटिंगमध्ये दुसऱ्याच्या फोनवर काळा पडदा दिसेल. दोन्हीकडचा चौकटींचा वेगही सारखा ठेवा, नाहीतर व्हिडिओ दुप्पट किंवा अर्ध्या गतीने पळतो.

रिमोट डेस्कटॉप किंवा बिनपडद्याच्या लिनक्स सर्व्हरवर काम असेल तर कमांडच्या आधी 'एक्सव्हीएफबी-रन' लावा. तो खोटा पडदा तयार करतो. हळू चालतं, पण चालतं. जेवायला जाण्याआधी लावून द्या.

## 8. सिनेमा नको असतो तेव्हा

माझं मत विचाराल तर रोजच्या कामाला गोर्सपेक्षा ही पायरी जास्त उपयोगी आहे.

*वारंवार बदलणाऱ्या फाइल.* 'गिट लॉग'ला गेल्या वर्षाची मर्यादा घाला, '--नेम-ओन्ली' द्या आणि '--प्रिटी=फॉरमॅट:' रिकामं ठेवा. जे येईल ते 'सॉर्ट', 'युनिक -सी' (इंग्रजीत uniq) आणि पुन्हा 'सॉर्ट -आरएन'मधून काढा. रिकाम्या ओळी आधी गाळा, नाहीतर यादीत पहिला नंबर रिकाम्या ओळीचाच येतो. वरच्या वीस फाइल म्हणजे तुमचं पहिल्या महिन्याचं वाचन. लॉक फाइल आणि भाषांतराच्या फाइल सोडून द्या. प्रत्येक फाइलपुढे तिच्या ओळींची संख्या लिहा. मोठीही आहे आणि सतत बदलतेही, अशी फाइल दिसली की बग तिथे राहतात असं समजून चाला.

हीच माहिती महिन्यावार काढून एक्सेलमध्ये टाकता येते. आडवे महिने, उभे फोल्डर, चौकटीत बदलांची संख्या, आणि रंग कमी-जास्त. मॅनेजरला तीन मिनिटांच्या व्हिडिओपेक्षा हा एक कागद लवकर पटतो.

*एका फंक्शनचा प्रवास.* 'गिट लॉग -एल' पुढे अपूर्णविरामानंतर फंक्शनचं नाव, मग पुन्हा अपूर्णविराम आणि फाइलचं नाव. त्या फंक्शनमधला प्रत्येक बदल, कोणी आणि काय संदेश देऊन केला, एकाखाली एक येतो. नावाऐवजी ओळींचे आकडेही चालतात. विचित्र 'इफ' अट दिसली की ती काढण्याआधी ही कमांड चालवा. बहुतेकदा खाली कुठेतरी एका ग्राहकाचं तिकीट सापडतं.

*वयाचे थर.* एरिक बर्नहार्डसन यांचं 'गिट-ऑफ-थिसिअस' पिपने बसतं. आजच्या कोडपैकी किती कोणत्या वर्षी लिहिलेला आहे, याचे रंगीत थर ते काढतं. 2017 चा थर अजून जाड असेल तर जीएसटीच्या गडबडीत लिहिलेला कोड तसाच चालू आहे. हे साधन इतिहासातल्या अनेक टप्प्यांवर प्रत्येक फाइलचं ब्लेम काढत जातं, त्यामुळे मोठ्या रेपोवर तासन्‌तास लागतात. '--इंटरव्हल'मध्ये महिन्याचे सेकंद, म्हणजे 2592000, द्या आणि रात्री लावून ठेवा. ब्रँचचं नावही स्वतः सांगा. काही रेपोत मुख्य ब्रँच 'मास्टर' असते, काहींत 'मेन', आणि जुन्या, बंद पडलेल्या 'मास्टर'चा सुंदर आलेख काढून बसलेले लोक मी पाहिले आहेत.

## 9. कोणाला दाखवायचं, कोणाला नाही

लॉगमध्ये कोडची एकही ओळ नसते, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. पण त्यात सहकाऱ्यांची नावं असतात, आणि फोल्डरच्या नावांत ग्राहकाचं नाव, अजून जाहीर न झालेल्या फीचरचं नाव. तो पेन ड्राइव्हवर किंवा स्वतःच्या मेलवर नेऊ नका. व्हिडिओ लिंक्डइनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला तर अजिबात नाही. आधी लीडला मेल करा: कोणत्या रेपोचं, कशासाठी, कोण पाहणार. उत्तर लेखी घ्या. बाहेर दाखवायची परवानगी मिळालीच तर नावं '--हाइड यूजरनेम्स,डिरनेम्स,फाइलनेम्स'ने झाका.

दुसरी गोष्ट अप्रेझलची. मार्च-एप्रिलमध्ये कोणीतरी तुमच्याकडे येऊन म्हणेल, "तू ते चित्र काढतोस ना, त्यात कोण किती काम करतं ते दिसेल का?" नाही दिसत. दिसतं ते कोणी किती वेळा कमिट केली. दुसऱ्याच्या शेजारी बसून अवघड बग शोधणारी, कोड रिव्ह्यू करणारी, हजार ओळी काढून शंभरांत काम भागवणारी माणसं या चित्रात फिकी असतात. शेवटची तर लाल किरणांमुळे मोडतोड करणारी वाटतात. अशी मागणी आली तर नावं झाकलेली आवृत्तीच द्या आणि फोल्डरवार तक्ता पुढे करा.

मेलमॅप आणि वगळायच्या कमिटची यादी मात्र रेपोतच कमिट करून ठेवा, लीडला विचारून. पुढच्या जूनमध्ये नवा फ्रेशर येईल तेव्हा त्याला तिसरी आणि चौथी पायरी पुन्हा करावी लागणार नाही.